माळेत राहिलेले जुने कार्ड

माझ्या इम्युलेटरवर (प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणाऱ्या एका साध्या प्रोग्रामने कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, स्मृतीतल्या एका पानातले पहिले आठ बाइट वाचून पडद्यावर छापले, ती पहाट मला स्पष्ट आठवते. संख्या सोळाच्या पायावर लिहिलेली होती आणि तिचा पहिला अंक ८ होता. तो अंक पाहिल्यावर शंकेला जागाच उरली नाही, कारण रिस्क-फाइव्ह प्रोसेसरच्या एसव्ही-३९ पद्धतीत, पेज टेबल, म्हणजे स्मृतीचे पत्ते बदलून देणारा तक्ता, कुठे आहे हे सांगणाऱ्या एसएटीपी नावाच्या रजिस्टरमध्ये सर्वांत वरच्या चार बिटांत ८ हीच खूण असते. म्हणजे सामान्य वापरकर्त्याच्या प्रोग्रामच्या हाती कर्नलच्या पेज टेबलाचा पत्ता लागला होता. खऱ्या प्रोसेसरवर तो प्रोग्राम त्याच क्षणी थांबवला गेला असता. माझ्या इम्युलेटरने मात्र त्याला विनातक्रार उत्तर दिले होते.

मे महिना होता. सोलापुरात या दिवसांत पारा बेचाळीसच्या वर गेला की दुपारी डोके चालत नाही, त्यामुळे मी पहाटे चारला उठून काम करते. होटगी रस्त्याच्या बाजूला आमचे घर आहे. त्या वेळी रस्त्यावर दुधाच्या गाड्यांखेरीज कोणी नसते. दिवसा मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवते आणि हा इम्युलेटर त्यांच्यासाठीच लिहिलेला आहे. एमआयटीमध्ये शिकवण्यासाठी तयार झालेली एक्सव्ही-६ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम त्यावर चालावी, आणि प्रत्येक सूचनेगणिक प्रोसेसरच्या पोटात काय घडते ते विद्यार्थ्यांना थांबवून पाहता यावे, एवढाच सुरुवातीचा हेतू होता. हे काम करणारी उत्तम साधने आहेत. फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये जगापुढे आणलेला क्यूईएमयू तर सगळेच वापरतात. पण तो वेगासाठी घडवलेला आहे आणि त्याच्या आत शिरून विद्यार्थ्याला बोट ठेवून काही दाखवणे अवघड जाते.

पहिल्या आवृत्तीत मी आठवण ठेवण्याची कोणतीच सोय केली नव्हती. प्रोग्रामला दिसणारा पत्ता आभासी असतो आणि तो खऱ्या स्मृतीतल्या पत्त्यात बदलावा लागतो. एसव्ही-३९ मध्ये या आभासी पत्त्याचे ३९ बिट असतात. खालचे १२ बिट ४ केबीच्या पानातली जागा सांगतात आणि उरलेल्या २७ बिटांचे नऊ-नऊचे तीन गट पेज टेबलाच्या तीन पायऱ्या उतरायला वापरले जातात. प्रत्येक पायरीवर एक नोंद वाचायची, तिच्यातून पुढच्या तक्त्याचा पत्ता घ्यायचा, आणि शेवटी खरे पान हाती येते. याचा अर्थ असा की प्रोग्रामला एक शब्द वाचायचा असेल तर स्मृती चार वेळा वाचावी लागते. तीनदा पत्ता शोधण्यासाठी आणि एकदा त्या शब्दासाठी. इम्युलेटर हे सगळे सॉफ्टवेअरमध्ये करत असल्यामुळे तो बरोबर चालत होता, पण फार हळू चालत होता.

म्हणून खऱ्या प्रोसेसरमध्ये असते तशी टीएलबी मी घातली. एकदा सापडलेले उत्तर जवळ नोंदवून ठेवायचे आणि पुढच्या वेळी तक्त्याच्या पायऱ्या न उतरता तेच वापरायचे, इतकीच तिची कल्पना आहे. माझ्या टीएलबीत २५६ खाने होते. पान-क्रमांकाचे खालचे आठ बिट खाना ठरवत आणि उरलेले बिट ओळख पटवत. ही सोय घालायला एक संध्याकाळ पुरली. तिच्यातल्या चुका काढायला तीन महिने लागले.

मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात, ज्याचे उद्घाटन १९६२ मध्ये झाले, आभासी पत्त्यांसाठी ३२ रजिस्टर होती. मुख्य स्मृतीच्या प्रत्येक ५१२ शब्दांच्या खणाला एक, अशी त्यांची मांडणी होती आणि पत्ता आला की सर्व ३२ रजिस्टरांशी तो एकाच वेळी ताडला जाई. तिथे मूळ नोंदही तीच आणि जवळची नोंदही तीच होती. आपल्या काळातील यंत्रांत मूळ तक्ता स्मृतीत असतो आणि त्यातल्या काही नोंदींची नक्कल टीएलबीत असते. मला ज्या चुकांशी झुंजावे लागले त्या सगळ्या या मूळ आणि नक्कल यांच्यातल्या अंतरात जन्मलेल्या होत्या.

पहाटेच्या त्या चुकीचे कारण एक्सव्ही-६ च्या रचनेत दडलेले होते. या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रत्येक प्रोग्रामच्या पेज टेबलात सर्वांत वरच्या टोकाला दोन पाने असतात: एक ट्रॅम्पोलिन, ज्यात कर्नलमध्ये शिरण्याचा आणि बाहेर पडण्याचा कोड असतो, आणि त्याच्या लगेच खाली ट्रॅपफ्रेम, ज्यात प्रोग्रामची सर्व रजिस्टर जपून ठेवली जातात. ही दोन्ही पाने प्रोग्रामच्याच तक्त्यात असली तरी त्यांच्या नोंदीत वापरकर्त्याला परवानगी देणारा बिट लावलेला नसतो. ती फक्त सुपरवायझर पातळीवर, म्हणजे कर्नल चालतो त्या पातळीवर, वाचता येतात. कर्नल जेव्हा प्रोग्रामकडे परत जातो, तेव्हा आधी तो एसएटीपी बदलतो, एस-फेन्स आज्ञा देऊन टीएलबी रिकामी करतो, मग ट्रॅपफ्रेममधून एकेक रजिस्टर भरतो आणि शेवटच्या सूचनेने वापरकर्त्याच्या पातळीवर उतरतो. टीएलबी रिकामी झाल्यानंतर आणि पातळी बदलण्याआधी ट्रॅपफ्रेम वाचली जाते, एवढा तो क्षण आहे. त्या वाचनाची नोंद माझ्या टीएलबीत शिरत होती. परवानगीची तपासणी मी फक्त तक्त्याच्या पायऱ्या उतरताना करत होते. नोंद जवळ सापडली की पत्ता थेट देत होते. म्हणून प्रोग्रामने ट्रॅपफ्रेमचा पत्ता विचारला की त्याला कर्नलने स्वतःसाठी मिळवलेले उत्तर मिळे. त्या पानाच्या पहिल्या आठ बाइटांत कर्नलचा एसएटीपी असतो.

परवानगी ही पानाची एकट्याची गोष्ट नाही, ती विचारणाऱ्यावरही अवलंबून असते, हे मी वर्गात दरवर्षी शिकवत आले होते. तरीही हाताने लिहिताना ते सुटले, याचे मला मनापासून वाईट वाटले. दुरुस्ती म्हणून प्रत्येक पातळीसाठी मी वेगळी टीएलबी केली आणि प्रत्येक टीएलबीत वाचणे, लिहिणे व सूचना उचलणे यांच्यासाठी वेगळ्या ओळखी ठेवल्या. सुपरवायझरला वापरकर्त्याची पाने पाहू देणारा एसयूएम नावाचा बिटही नोंदीच्या ओळखीचा भाग केला, कारण तो लावलेला असताना भरलेली नोंद तो काढल्यावर वापरली गेली तर हीच चूक उलट्या बाजूने घडते.

या वेगळ्या ओळखींमुळे आणखी एक चूक आपोआप उजेडात आली. पानावर लिहिले गेले की त्याच्या नोंदीत डी बिट, म्हणजे ‘पान बदलले आहे’ ही खूण, लागली पाहिजे. ती खूण प्रोसेसरने स्वतः लावावी किंवा पेज फॉल्ट देऊन, म्हणजे प्रोग्राम अडवून, कर्नलकडून लावून घ्यावी, असे दोन्ही मार्ग नियमात आहेत. माझ्या पहिल्या रचनेत पान आधी वाचले गेले असेल आणि त्यावर लिहिण्याची परवानगीही असेल, तर पुढचे लेखन टीएलबीतूनच पार पडे आणि ती खूण कधीच लागत नसे. एक्सव्ही-६ ला त्याची गरज नसल्याने काही बिघडलेले दिसत नव्हते. लिनक्स मात्र याच खुणेवर विसंबून असतो; स्मृतीत जोडून घेतलेल्या फाइलचे कोणते पान डिस्कवर परत लिहायचे हे त्याला तिच्यावरून कळते. लेखनाची ओळख फक्त लेखनाच्या वेळी, खूण लागल्याची खात्री झाल्यावरच भरायची, असे ठरवल्यावर ते मिटले.

खरी परीक्षा लिनक्सने घेतली. तो सुरू होई, कमांड स्वीकारी, छोटे प्रोग्राम चालवी, आणि मग तासाभराने एखादा मोठा प्रोग्राम कोसळे. पुन्हा तोच प्रयोग केला की तो दुसऱ्याच जागी कोसळे. कधी कधी कोसळतच नसे.

इथे मला मामांबद्दल लिहिले पाहिजे. माझे मामा पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे, सोलापुरी चादरीच्या जेकार्डची कार्डे पाडण्याचे काम पस्तीस वर्षे करत होते. चादरीवरचा मोर किंवा वेल आधी ग्राफ कागदावर रंगवला जातो. त्यातला प्रत्येक उभा रकाना म्हणजे ताण्याचा एक भाग आणि प्रत्येक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक धागा. प्रत्येक ओळीसाठी पुठ्ठ्याचे एक कार्ड पाडतात. जिथे भोक तिथला ताणा उचलला जातो, जिथे भोक नाही तिथला खालीच राहतो, आणि मधून धोटा धावतो. ही कार्डे दोरीने ओवून त्यांची माळ करतात आणि ती माळ मागावर फिरत राहते. जोसेफ मारी जाकार यांनी १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये रूढ केलेली ही पद्धत पूर्व भागातल्या गल्लीगल्लीत इतकी मुरलेली होती की लहानपणी मला ती सोलापूरचीच वाटे. आता बऱ्याच मागांवर ती माळ जाऊन इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आले आहे.

कापडावर दोष दिसला की मामा आधी त्यातले अंतर मोजत. चारशे कार्डांची माळ असेल आणि दोष दर चारशे धाग्यांनी त्याच जागी येत असेल, तर चूक कार्डात आहे. दोष जागा बदलत असेल, तर धागा, हूक किंवा माग तपासायचा. माझी ट्रॅपफ्रेमची चूक पहिल्या प्रकारची होती. प्रत्येक वेळी तीच संख्या छापली जाई, म्हणून ती एका पहाटेत सापडली. लिनक्सची चूक जागा बदलत होती आणि मी सलग दोन आठवडे ती कार्डातच शोधत बसले होते.

जागा बदलण्याचे कारण पुढे कळले ते असे. एसव्ही-३९ मध्ये दुसऱ्या पायरीवरच थांबून २ एमबीचे मोठे पान देता येते. माझ्या टीएलबीला मोठे पान ही कल्पनाच ठाऊक नव्हती. मी अशा पानाचे ४ केबीचे ५१२ तुकडे मानत होते आणि ज्या तुकड्याला स्पर्श होईल त्याची नोंद भरत होते. एवढ्यापुरते हे चालण्यासारखे आहे. पण कर्नल जेव्हा ते मोठे पान मोडतो किंवा काढून घेतो, तेव्हा तो त्यातल्या एका पत्त्यासाठी एकच एस-फेन्स देऊ शकतो, आणि नियमाप्रमाणे त्या एका आज्ञेने संपूर्ण मोठ्या पानाची नोंद विसरली गेली पाहिजे. माझा इम्युलेटर त्या पत्त्याचा एक तुकडा विसरे आणि बाकीचे जेवढे तुकडे त्या वेळी टीएलबीत असत ते तसेच राहत. किती राहत आणि कोणते राहत, हे मधल्या काळात इतर कोणत्या पानांनी तेच खाने व्यापले यावर अवलंबून होते. म्हणून एखाद्या दिवशी सगळे जुने तुकडे आपसूक पुसले जात आणि काहीच घडत नसे, तर एखाद्या दिवशी एक उरलेला तुकडा प्रोग्रामला अशा खऱ्या पानाकडे नेई जे एव्हाना दुसऱ्याच कुणाला दिले गेलेले असे.

हे मला स्वतःला सापडले नाही, आणि ते का सापडले नाही हा या सगळ्यातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. मी एक तपासनीस लिहिला होता. टीएलबीतून उत्तर मिळाले की तो पुन्हा तक्त्याच्या पायऱ्या उतरे आणि दोन्ही उत्तरे जुळतात का ते पाहत असे. पहिल्याच दिवशी त्याने शेकडो तक्रारी केल्या आणि त्यातल्या बहुतेक निराधार होत्या. तक्त्यातली नोंद बदलल्यापासून एस-फेन्स येईपर्यंत जुने उत्तर देण्याची प्रोसेसरला मुभाच असते. त्या काळातला फरक हा दोष नाही. मग मी प्रत्येक नोंद केव्हा भरली आणि नंतर तिला लागू होणारी एस-फेन्स केव्हा आली हे लिहून ठेवायला लागले, आणि अशी आज्ञा येऊन गेल्यावरही जुनी नोंद वापरली गेली तरच तक्रार करायची असे ठरवले. त्यानंतर तपासनीस पूर्ण गप्प बसला. लिनक्स मात्र कोसळतच राहिला.

त्या रविवारी मामांकडे गेले होते. मामींनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली होती, आणि मामांनी विचारले म्हणून मी जमेल तसे समजावून सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तपासायचं काम कोण करतंय?” मीच, असे म्हटल्यावर ते म्हणाले, “अगं, कार्ड ज्यानं पाडलं त्यानं तपासायचं नसतं. आमच्याकडं एक जण ग्राफ मोठ्यानं वाचायचा, दुसरा कार्डावर बोट फिरवायचा, आणि पाडणारा बाजूला उभा राहायचा. पाडणाऱ्याला स्वतःची चूक ग्राफवरपण दिसते.”

परत येताना रिक्षात बसल्या बसल्या मला माझ्या तपासनीसातला दोष दिसला. ‘लागू होणारी एस-फेन्स’ म्हणजे काय, हे तपासनीसातही मीच ठरवले होते आणि तिथेही ४ केबीचाच हिशेब केला होता. इम्युलेटरला मोठे पान ठाऊक नव्हते आणि तपासनीसालाही नव्हते. दोघे एकमेकांना दुजोरा देत होते. तरीही त्या दिवशी दोष नेमका मोठ्या पानांत आहे हे मला कळलेले नव्हतेच. दोन्ही कामांत एकच हात आहे, एवढेच उमगले होते.

दुसऱ्या दिवशी मी अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थ्याला रिस्क-फाइव्हच्या अधिकृत नियमांमधला पत्त्यांविषयीचा भाग दिला आणि सांगितले की माझा कोड उघडायचा नाही, फक्त हे नियम वाचून तपासनीस नव्याने लिहायचा. त्याने चार दिवस घेतले. पायऱ्या उतरताना आपण कोणत्या पायरीवर थांबलो हे त्याने पहिल्यापासून नोंदवले होते, कारण नियमात तसे लिहिले होते. त्याचा तपासनीस लावून लिनक्स सुरू केला आणि काही मिनिटांत पहिली तक्रार आली. तिच्यात पत्ता होता, पायरी होती आणि कोणत्या आज्ञेनंतर ती नोंद जिवंत राहायला नको होती हेही होते. दुरुस्ती म्हणून मी मोठ्या पानांचे क्षेत्र वेगळे लिहून ठेवू लागले आणि एस-फेन्सचा पत्ता त्या क्षेत्रात पडला की तिथले सर्व तुकडे काढू लागले.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या तीन महिन्यांच्या मधल्या काळात मी एक सोपा मार्ग धरला होता. वर्ग सुरू असल्याने विद्यार्थ्यांना चालणारी आवृत्ती देणे भाग होते, म्हणून प्रत्येक ट्रॅपवर, म्हणजे कर्नलमध्ये शिरताना, आणि प्रत्येक परतीवर संपूर्ण टीएलबी पुसायची, अशी सोय मी करून ठेवली. त्याने चुका दिसेनाशा झाल्या. निदानासाठी हा उपाय फार उपयोगी आहे. सगळे पुसल्यावर दोष जात असेल तर तो टीएलबीत आहे एवढे नक्की होते. पण कायमचा उपाय म्हणून तो मला मान्य नाही, आणि वेग कमी होतो हे त्याचे कारण नाही. खरा प्रोसेसर जुने उत्तर काही काळ लक्षात ठेवतो. कर्नल लिहिणाऱ्याने त्याला ‘आता विसर’ असे सांगितले नाही, तर तो त्या जुन्या उत्तरावरच चालतो. जो इम्युलेटर अवेळी सगळेच विसरतो, तो कर्नल लिहिणाऱ्याची ही चूक पोटात घालतो, आणि विद्यार्थ्याला ज्या ठिकाणी ठेच लागायला हवी होती ते ठिकाण सपाट करून ठेवतो.

जून संपता संपता मी ती सोय काढून टाकली आणि नवी आवृत्ती दिली. चौथ्या दिवशी तपासनीस लिहिणारा तोच विद्यार्थी प्रयोगशाळेच्या दारात उभा होता. “मॅडम, माझा कर्नल कालपर्यंत नीट चालत होता. तुमच्या नव्या आवृत्तीवर पानांत भलताच मजकूर येतोय.” त्याने सुट्टीत स्वतःचा छोटा कर्नल लिहिला होता. त्यात एक आभासी पान खिडकीसारखे राखून ठेवलेले होते. ज्या खऱ्या पानावर काम करायचे ते या खिडकीत बसवायचे, मजकूर उतरवून घ्यायचा, आणि मग पुढचे पान बसवायचे. आम्ही दोघांनी मिळून एकेक सूचना चालवली. तक्त्यातली नोंद बरोबर बदलत होती, आणि टीएलबीतली खिडकी अजून आधीचेच पान दाखवत होती.

त्याने दोन नोंदींकडे बराच वेळ पाहिले. मग काही न बोलता त्याने खुर्ची ओढली, नोंद बदलणाऱ्या ओळीखाली एस-फेन्स लिहिली आणि कर्नल पुन्हा बांधला. मजकूर बरोबर आला. कपाटात एक खरे रिस्क-फाइव्ह बोर्ड होते. जुना कर्नल त्यावर चालवून बघू का, असे त्याने विचारले, आणि मी किल्ली दिली.